चिठ्ठीत आलेली जागा

उन्सबने फळ्यावर खडूने खिडकी काढली, खिडकीला लागून बाकांच्या चौकटी एकामागे एक मारल्या आणि दोन पावलं मागे सरकून आपल्याच चित्राकडे मान तिरकी करून पाहिलं. खडूची पूड पहिल्या बाकावर, यरिमच्या उघड्या वहीवर पडत होती. तिने ती झटकली नाही. हललं तर सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे जाईल, असं तिला वाटत होतं.

"हं, ऐका आता सगळे," उन्सब म्हणाला. "चित्रकथेच्या प्रत्येक भागात काय दिसतं? मान. डावा कान. कानामागचा तीळ. उजेड डावीकडून येतोय, म्हणजे खिडकी डावीकडे. आणि सरांच्या टेबलावर पंखा चालू आहे. पंखा कधी उचलून ठेवला आपण?"

"सप्टेंबर संपता संपता," मागून कुणीतरी म्हणालं.

"शाब्बास. दर महिन्याला चिठ्ठ्या काढून जागा ठरतात, तर ही सप्टेंबरची बैठक. सप्टेंबरात जेहा बसायचा इथे." त्याने एक चौकट खडूने भरली. "आता जेहाचा डावा कान मागून दिसायचा, तर बघणारा कुठे बसलेला पाहिजे? खिडकीकडच्या रांगेत, एक बाक मागे. इथे!"

त्याने इतक्या जोरात फुली मारली की खडू मोडला. वर्गभर "ओऽऽ" असा आवाज उठला. यरिमने नाकावरचा चष्मा उगाचच वर सरकवला आणि वहीतल्या एकाच ओळीवरून पुन्हापुन्हा डोळे फिरवत राहिली.

चित्रकथेचं नाव 'पाठमोरा'. फोनवर कुणीही आपली चित्रं टाकावीत अशा एका साइटवर ती दर शुक्रवारी संध्याकाळी यायची. काढणाऱ्याचं नाव नाही. गोष्ट म्हणावी तर एवढीच, की एका मुलीचा एका मुलावर जीव जडलेला आहे आणि ती त्याच्या मागे बसते. मुलगी चित्रात कधी येत नाही आणि मुलाचं तोंड कधी दिसत नाही. शेजारच्या वर्गातल्या कुणाच्या तरी हाती ती लागली, तीळ ओळखला गेला, बॅगेला लटकणारा रबरी ऑक्टोपस ओळखला गेला, आणि एका रात्रीत सगळ्या शाळेला कळलं की हा तर आपला जेहा.

जेहा साऱ्या शाळेचाच होता. फुटबॉल खेळायचा, दुपारी जेवणाच्या वेळी शाळेच्या स्पीकरवरून गाणी लावायचा, आणि हसला की खालच्या वर्गातल्या मुली एकमेकींना चिमटे काढायच्या. आज तर अकरा नोव्हेंबर, चॉकलेटच्या काड्या वाटायचा दिवस. त्याच्या बाकावर खोक्यांचा ढीग लागला होता, आणि ते सगळे त्याने खेळाच्या मैदानावर जाण्याआधी वर्गात वाटून टाकले होते. यरिमच्या वाट्याला आलेली काडी तिने अजून खाल्ली नव्हती. कंपासपेटीत ठेवली होती.

जेहावर जीव असणं हा काही गुन्हा नव्हता; तसा जीव तर निम्म्या शाळेचा होता. गुन्हा होता तो उघडं पडणं. वसंतात शेजारच्या वर्गातल्या एका मुलीने त्याला मैदानाच्या कडेला गाठून मनातलं सांगितलं होतं. तो बिचारा नीटच बोलला, नाही म्हणाला, वाकून माफीही मागितली. पण उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत ती मुलगी जिन्यावर दिसली की पोरं त्या माफीची नक्कल करायची. शेवटी ती लांबचा जिना वापरू लागली. यरिमने स्वतःही एकदा त्या नकलेला हसून घेतलं होतं. आता आपण त्या जिन्यावर उभ्या आहोत असं तिला दिसत होतं.

"बोला, सप्टेंबरात ही जागा कुणाला आली होती?" उन्सबने विचारलं. "आठवा. चिठ्ठी उघडली तेव्हा सगळ्या पोरी किंचाळल्या होत्या."

मग एकजात सगळी डोकी मागच्या दाराकडे वळली.

"बोराम!" उन्सब ओरडला. "अगं मसाला, तू?"

बोराम शेवटच्या बाकावर बसलेली होती. उंच, हाडापेराने मोठी, कमी बोलणारी मुलगी. तिच्या आईबापांचं स्टेशनमागे कोंबडीच्या तिखट परतव्याचं छोटं हॉटेल होतं, वर राहायची खोली. तिच्या स्वेटरला त्या तव्याचा वास यायचा म्हणून पहिल्या वर्षापासून तिचं नाव मसाला पडलं होतं. कोरियातल्या या चुन्चॉन शहरात तो परतवा न खाणारा माणूस शोधून सापडणार नाही, पण वास मात्र तिचा एकटीचा मानला जाई.

हसण्याची लाट उठली. यरिमचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर तिला स्वतःची शरम वाटली. कारण चिठ्ठी बोरामला आली होती हे खरं, पण त्या जागेवर दोन दिवसांपलीकडे बोराम बसलीच नव्हती. यरिमने ती तिच्याकडून मागून घेतली होती. परीक्षेचा महिना, सगळे बाक सुटे लावलेले, प्रत्येकाची मान पुस्तकात. अदलाबदल कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. आता एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ती मूग गिळून बसली.

"पण थांब रे," खिडकीपाशी बसलेली सोल्ही कपाळाला आठ्या घालत म्हणाली. "त्या महिन्यात तिथे दुसरंच कुणीतरी बसत नव्हतं का? जागा बदलून घेतली होती ना कुणीतरी? चष्मा—"

यरिमच्या तोंडचं पाणी पळालं.

"मीच काढते," बोराम म्हणाली.

तिचा आवाज वर्गात इतक्या कमी वेळा ऐकू आला होता, की सगळे आधी आवाजालाच दचकले.

"काय?"

"चित्रकथा. मीच काढते. बास?"

उन्सबने छातीवर हात ठेवून दोन्ही बाजूंना मुजरा केला. कुणीतरी बाक बडवला. आणि नेमक्या त्याच वेळी मागचं दार सरकलं आणि घामाने भिजलेला जेहा, वर्गात घालायच्या सपाता पायात अडकवत, आत आला. दारातच सगळं कानावर पडलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तो बोरामच्या पुढच्या बाकावर उलटा बसला.

"माझे कान खरंच एवढे मोठे आहेत?"

बोरामची मान लाल झाली होती.

"आणि काय गं, त्या एका भागात शर्टाचं लेबल कॉलरबाहेर आलेलं दाखवलंयस. मी दिवसभर तसाच फिरलो? सांगायचं नाही का माणसाला?"

"सांगणार होते," बोराम हळूच म्हणाली.

आता जे हसू आलं ते वेगळं होतं, त्यात विष नव्हतं. जेहाही हसला.

"मी सगळे भाग वाचले काल रात्री. झोपलोच नाही. माझ्याकडे असं कुणी… म्हणजे गोल मारला तर बघतात सगळे. पण नुसता बसलेलो असताना?" त्याने घाम पुसायच्या निमित्ताने तोंडावरून बाही फिरवली. "तू मागे बसायचीस होय? मला आठवतच नाही. सॉरी हं."

यरिम समोरच्या फळ्यावरच्या फुलीकडे बघत होती. लेबल बाहेर आलं होतं तो सोमवार होता. तिने हात पुढे केला होता, कॉलरपासून वीतभर अंतरावर तो थांबला होता आणि परत आला होता. तो हात तिचा होता. आणि आता ती सॉरी, ते लाजणं, ते सगळं तिच्या पाठीमागे दुसऱ्याच मुलीला दिलं जात होतं, आणि तिला वळूनही बघता येत नव्हतं.

"आता एकदा समोरून काढ ना," जेहा म्हणाला. "समोरून मी बरा दिसतो म्हणतात."

"आत्ता काढ! फळ्यावर!" उन्सबने खडू पुढे केला. "होऊन जाऊ दे!"

"काढ, काढ," वर्गाने ताल धरला.

बोरामने खडूकडे पाहिलं, मग डोकी ओलांडून यरिमच्या पाठीकडे. "शाळेत नाही काढत मी," ती म्हणाली. "शुक्रवारी बघा."

झाडलोटीच्या वेळी यरिम पश्चिमेच्या जिन्यावर ओला पोछा मारत होती. एकच पायरी ती तिसऱ्यांदा पुसत होती. वरून सपाता घासत बोराम आली आणि हातात केरभरणी घेऊन दोन पायऱ्या वर थांबली.

"खोटारडी," यरिम म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण ते पुटपुटल्यासारखं झालं.

"हो."

"का केलंस? मला वाचवायला वगैरे सांगू नकोस."

"तुला वाचवायला नाहीच." बोराम पायरीवर बसली. "आधी सोल्ही तुझं नाव घेणार असं वाटलं, म्हणून तोंडातून निघून गेलं. मग तो येऊन बसला. मग मला खरं सांगावंसं वाटलं नाही. त्यानंतर दिवसभरात मला कुणी मसाला म्हणालं नाही. उन्सबसुद्धा नंतर बोराम म्हणाला. कळतंय का?"

"ती चित्रं माझी आहेत."

"तुझीच आहेत. आणि जागा?"

यरिमने पोछा बादलीत घातला. पाणी काठावरून सांडलं.

"चिठ्ठी मला आली होती," बोराम म्हणाली. "मी आयुष्यात कधी काही जिंकलेलं नाही. घरी जाऊन आईला सांगितलं मी, मला खिडकीची जागा आली म्हणून. तिला काय कळणार, पण ती पण हसली. मग तू आलीस. म्हणालीस, बोराम, मला मागून फळा दिसत नाही गं. क्रीमचा पाव आणलास माझ्यासाठी."

"मला खरंच—"

"तुझ्या चष्म्याला नंबर नाहीये. व्यायामाच्या तासाला तू तो माझ्याकडे दिला होतास धरायला. मी घालून बघितला."

खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली आपटली. तो चष्मा यरिमने स्टेशनच्या भुयारी बाजारातून आणला होता, सांगितलेलं खोटं टिकवायला. आणि नंतर तो काढायची सोयच राहिली नव्हती.

"तुला माहीत होतं, तर नाही का म्हणाली नाहीस?"

"चष्म्याचं नंतर कळलं. आणि आधी कळलं असतं तरी…" बोरामने केरभरणीच्या कडेवरचा कचरा बोटाने आत ढकलला. "त्या आठवड्यात माझ्याशी दुसरं कुणी बोललंच नव्हतं. तू बोललीस. दिली मी. मग महिनाभर शेवटच्या रांगेतून बघत बसले. मला त्याचा कान पण दिसायचा नाही नीट. मध्ये तुझं डोकं यायचं. तो तुझा पिवळा रबर."

यरिमचा हात आपोआप केसांकडे गेला.

"शुक्रवारी काय काढायचं ते तू ठरव," बोराम उठत म्हणाली. "त्याचं तोंड काढलंस तर मी म्हणेन मी काढलं. काही नाही काढलंस तर उन्सब मला पुन्हा खडू देईल. मला सरळ रेघ पण मारता येत नाही, यरिम. मसाल्याचं नाव बदलून खोटारडी होईल, एवढंच. कुणी विचारलंच तर तुझं नाव मी सांगणार नाही. पण तू मला काही मागू नकोस आता."

त्या रात्री यरिम जेहाचा चेहरा काढायला बसली आणि तिला तो काढता आला नाही. मान यायची, कान यायचा, केसांचा भोवरा कुठून सुरू होतो ते डोळे मिटूनही यायचं. पण भुवयांपाशी हात अडायचा. इतके दिवस जिच्यावर जीव टाकला ती एक पाठ होती, हे तिच्या लक्षात आलं आणि ती स्वतःवरच चिडली. दुसऱ्या दिवशी तिने मधल्या सुट्टीत मुद्दाम वळून पाहिलं. जेहा बोरामच्या बाकाशी उभा राहून तिला काहीतरी दाखवत होता. चांगला होता चेहरा. हनुवटीवर एक पुटकुळी होती. पण यरिमची नजर त्याच्यावरून घसरली आणि बोरामवर जाऊन थांबली. तिच्याकडे कुणी इतक्या जवळून बघत असताना कुठे बघायचं असतं हे ठाऊक नसलेला तो चेहरा, खालचा ओठ दाताखाली धरलेला. पुढचे दोन दिवस जेहाने कितीतरी वेळा विचारलं, शुक्रवारी नक्की ना? आणि दर वेळी बोराम आधी यरिमच्या पाठीकडे बघून मग "नक्की" म्हणाली. यरिमला ते न वळताही कळत होतं.

शुक्रवारी शेवटचा तास संपला तेव्हा बांग सर फोनची पेटी घेऊन आले. सकाळी जमा केलेले फोन एकेकाला परत मिळू लागले. सरांनी पुढच्या आठवड्यात वरच्या वर्गाची कॉलेजची प्रवेश परीक्षा असल्याचं सांगितलं, त्यांना उमेद द्यायला फाटकाशी आरोळ्या मारायला कोण कोण येणार ते विचारलं आणि कुणी ऐकत नाही हे बघून निघून गेले. यरिमच्या शेजारची मुलगी दात दाखवायला दुपारीच घरी गेली होती. ती खुर्ची रिकामी होती.

घरी जायला कुणी उठलं नाही. सगळे फोन हातात धरून बोरामकडे बघत होते. बोराम बाकावर पालथे तळवे ठेवून बसली होती.

"काय मग, चित्रकार बाई?" उन्सब म्हणाला. "वेळ झाली की."

यरिमने फोन मांडीवर, बाकाखाली धरला होता. भाग तयार होता. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. चेहरा नव्हता त्यात. अजूनही वेळ होता. काहीच न करता दप्तर उचलून घरी जाता आलं असतं. पुढे फळ्याखालच्या फळीवर खडू घासल्याचा आवाज आला. उन्सब पुन्हा खडू शोधत होता.

तिने बटण दाबलं.

वर्गात फोन एकापाठोपाठ एक गुरगुरले. मग बोटं काचेवरून सरकल्याचा आवाज.

"हे काय!" उन्सब पहिला बोलला. "अजून पाठच? आणि किती लांबून! हा तर… थांबा. हे शेवटच्या रांगेतून आहे."

चित्रात वर्ग होता. सगळी डोकी मागून. खिडकी, टेबलावरचा पंखा, फळा. पार पुढे, नखाएवढा, जेहा. आणि त्याच्या मागच्या बाकावर एका मुलीचं डोकं, असं मध्ये आलेलं की त्याचा कान झाकला जात होता. पुढच्या चौकटीत ती मुलगी कलली, कान दिसला. त्यापुढच्या चौकटीत ती सरळ झाली, कान गेला. असं कितीतरी चौकटी. सगळं चित्र काळंपांढरं. रंग एकाच जागी, मुलीच्या केसांतल्या रबराला. पिवळा. आणि शेवटी, अगदी खाली, एक ओळ होती: मला फळा मागूनही दिसत होता.

"याचा अर्थ काय?" सोल्ही म्हणाली. "कुणाला दिसत होता?"

"बोराम," जेहाचा आवाज आला. तो यरिमच्या मागे दोन बाकांवर होता, आणि आवाजात आता गंमत नव्हती. "ही कोण आहे? पिवळा रबरवाली?"

बोरामने तळवे बाकावरून उचलून मांडीवर घेतले.

"बोराम? तूच काढलंस ना हे?"

यरिमने बाकाची कड धरली. सांगणार नाही असं बोराम म्हणाली होती, आणि ती सांगणार नाही याची यरिमला खात्री होती. तेच सहन होत नव्हतं.

"मला चित्र काढता येत नाही," बोराम म्हणाली. "मी या इथून बघायची. त्या दिवसांत पण, असंच. हे माझ्या जागेवरून काढलंय." ती जराशी थांबली. "पण मी नाही काढलं."

कुणी हसलं नाही. उन्सबच्या हातातला खडू तसाच राहिला. यरिमला पाठीवर सगळ्या वर्गाची नजर एकेक करून येऊन टेकल्याचं जाणवलं, आधी मानेवर, मग केसांवर, जिथे तिने सकाळी आरशात बघून तोच रबर बांधला होता. मागे जेहाची खुर्ची जराशी करकरली. तो तिला मागून बघत होता. महिनाभर जे तिने केलं ते आता तो करत होता, आणि बघितलं जाणं एवढं जड असतं हे तिला माहीत नव्हतं.

तिने चष्मा काढला, घडी घातली आणि बाकावर ठेवला. फळ्यावर सरांनी लिहिलेली सूचना होती तशीच स्पष्ट दिसत होती.

मागून पावलं आली. सपाता फरशीवर घासत, बाकांच्या मधून, पुढे. यरिमने मान खाली घातली. काय ऐकून घ्यावं लागणार याची तिने मनाशी तयारी केली. शेजारची रिकामी खुर्ची ओढली गेली आणि कुणीतरी जडपणे तिच्यावर बसलं. तव्यावरच्या तिखटाचा वास आला.

दोघी समोर बघत राहिल्या.

"तुझा पण डावा कान मोठाच आहे," बोराम म्हणाली. "महिनाभर बघितलाय मी."